‘कोन’ लिहिलं की ‘कोण?’ विचारणारा फोन

मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेच्या व्हरांड्यात बसून सर पालकांच्या ग्रुपवर निरोप लिहीत होते. निरोप साधाच होता, उद्या आरोग्य तपासणी आहे, मुलांना पाठवा. पण तो कोरकूत, म्हणजे मुलांच्या घरच्या आदिवासी भाषेत लिहायचा, असा त्यांचा हट्ट. त्यांनी ‘कोन’ असं टाइप केलं. कोरकूत कोन म्हणजे मूल, लेकरू. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत फोननं तत्परतेनं सुचवलं: ‘कोण’. सर हसले. ‘‘बघा, मी म्हणतो लेकरू, हा विचारतो कोण! अजून एक दाखवतो,’’ असं म्हणत त्यांनी ‘सीम’ लिहिलं. सीम म्हणजे कोंबडी. फोननं ‘सिम’ पुढे केलं आणि त्याच्या शेजारी ‘कार्ड’.

सर मूळचे मराठवाड्यातले. मेळघाटात त्यांचं ते सहावं वर्ष. पहिल्या वर्षीची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली. पहिलीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर कोंबडी काढली आणि विचारलं, हे काय? पुढे बसलेली एक मुलगी ठणठणीत आवाजात म्हणाली, ‘‘सीम!’’ सर म्हणाले, ‘‘नाही बाळा, कोंबडी.’’ त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती पोरगी वर्गात एक शब्द बोलली नाही. सरांनी तिच्या नावापुढे ‘अबोल’ अशी नोंद केली. पोषण आहाराची खिचडी करणाऱ्या मावशींनी एक दिवस सहज सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं की सीम म्हणजे कोंबडीच. ‘‘पोरगी पास होती, मी नापास,’’ सर म्हणाले. मग त्यांनी दोनशे पानी वही केली. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला कोरकू. गुरू दोनच, खिचडीवाल्या मावशी आणि वर्गातली पोरं.

आदिवासी भाषा वाचवण्याबद्दल आपल्याकडे बरंच बोललं जातं. शब्दकोश, अ‍ॅप, डिजिटल संग्रह, हल्ली तर कृत्रिम बुद्धिमत्ता. या सगळ्यांबद्दल मला आस्था आहे, पुढे त्यांच्याबद्दल लिहिणारही आहे. पण माझं म्हणणं त्या वहीपासून सुरू होतं. पहिलीतल्या मुलाशी त्याच्या भाषेत बोलणारं मोठं माणूस वर्गात नसेल, तर फोनमध्ये त्या भाषेचं काहीही असलं तरी ती टिकत नाही. आणि ते माणूस वर्गात यावं यासाठी सर्वांत आधी आवाज कुणी उठवायला हवा असेल, तर तो आपण मराठी माणसांनी.

आधी कोरकूबद्दल थोडं, कारण तिला ‘कोरकू बोली’ म्हणायची आपल्याला खोड आहे. सरकारी कागदांत, वर्तमानपत्रांत, कधीकधी तिच्याचसाठी काढलेल्या पुस्तिकांच्या मुखपृष्ठावरसुद्धा ‘बोली’. बोली हा काही हीन शब्द नव्हे. वऱ्हाडी, मालवणी या मराठीच्या बोली आहेत आणि त्या बोलणाऱ्यांना त्याचा अभिमान आहे. पण कोरकू मराठीची कुणीच लागत नाही. ती मुंडा भाषा आहे. संथाळी, मुंडारी या तिच्या बहिणी, आणि दूरच्या नात्यात थेट ख्मेर आणि व्हिएतनामी. मुंडा भाषांतली ही सर्वांत पश्चिमेची. झारखंड-ओडिशातल्या बहिणींपासून शेकडो मैल लांब, सातपुड्याच्या कुशीत, मराठी, हिंदी आणि गोंडीच्या गराड्यात ती टिकून आहे. कोरो म्हणजे माणूस, त्याला अनेकवचनाचा ‘कू’ लागला की कोरकू, म्हणजे माणसं. भाषेचं आणि जमातीचं नाव तेच.

मराठीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या फरकाचा अभिमान आहे. इंग्रजीला हे जमत नाही, असं आपण कौतुकानं सांगतो. हा फरक आपल्याला द्रविड शेजाराकडून मिळाला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. कोरकू त्याच्याही पुढे जाते. तिच्यात एकवचन आणि अनेकवचनाखेरीज द्विवचन जिवंत आहे. संस्कृतात जे होतं आणि मराठीपर्यंत येता येता गळून पडलं, तेच. त्यामुळे ‘आपण दोघं’, ‘आम्ही दोघं’, ‘आपण सगळे’ आणि ‘आम्ही सगळे’ यांना कोरकूत चार वेगळे शब्द आहेत. सहा वर्षांचं पोर हे चारही शब्द न चुकता वापरतं. शाळेत आलं की त्याच पोराला आपण ‘अ अननसाचा’ शिकवतो. अननस त्यानं पाहिलेला नसतो आणि अननस हा शब्दही त्यानं ऐकलेला नसतो. मग वर्षाअखेरीस नोंद होते: अप्रगत.

२०११ च्या जनगणनेत कोरकू ही मातृभाषा सांगणारे ७ लाख २७ हजार लोक होते. २००१ मध्ये ते पावणेसहा लाखांच्या आसपास होते. मग संख्या वाढतेच आहे की, भाषा मरते कुठे? आकडा असा फसवतो. लोकसंख्या वाढली की बोलणारेही वाढतात. पण आजी बोलते तितकं नात बोलते का, हे जनगणना विचारत नाही. गोंडीकडे पाहिलं की पुढचा रस्ता दिसतो. गोंड ही एक कोटीहून मोठी जमात, आणि २०११ मध्ये गोंडी सांगणारे होते २९ लाख ८४ हजार. म्हणजे ढोबळमानानं चार गोंडांतल्या एकाच्याच घरात आज गोंडी आहे. बाकीच्या तिघांच्या घरातून ती एकाच पिढीत गेलेली नाही. शाळेत, बाजारात, कचेरीत तिचा उपयोग नाही हे आईबापांना कळत गेलं आणि त्यांनी पोरांशी हिंदी, मराठी किंवा तेलुगूत बोलायला सुरुवात केली. गोंडीचं आणखी एक दुर्दैव असं की भाषावार प्रांतरचनेत ती कुणाच्याच वाट्याला पूर्ण आली नाही. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशा, सगळीकडे ती काठावर. जी सगळ्यांची, ती कुणाचीच नाही.

आणि निहालीचं काय बोलावं? बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात आणि आजूबाजूच्या सीमाभागात काही हजार लोक ती बोलतात. जगातल्या कोणत्याही भाषाकुळात ती बसत नाही. अशी भाषा महाराष्ट्रात आहे, हे महाराष्ट्रातल्या शंभर माणसांना विचारा, पाचांनाही ठाऊक नसेल. दहा हजारांहून कमी बोलणारे असले की जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यात त्या भाषेचं नाव स्वतंत्र छापत नाहीत. त्यामुळे कागदावर निहाली नाहीच.

अशा भाषांना घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेनं मान्य केलेल्या भाषांच्या यादीत जागा हवी, असं म्हटलं की ‘बोलणारे किती?’ हा प्रश्न येतो. उत्तर तयार आहे. भिली आणि भिलोडी बोलणारे २०११ मध्ये १ कोटी ४ लाख होते. ती अनुसूचीत नाही. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४ हजार ८२१ होते, ती आहे. संस्कृत असू नये असं मी म्हणत नाही. पण मोजमापाचं कारण पुढे करू नये.

आता मराठी माणसाकडे येतो. १६ एप्रिल २०२५ रोजी राज्यात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला. १७ जूनला शब्द बदलून दुसरा निघाला. मग जे रान उठलं ते सगळ्यांनी पाहिलं, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. मी त्या विरोधाच्या बाजूनं होतो, आजही आहे. त्या दोन महिन्यांत शिक्षणतज्ज्ञ, लेखक, पालक, पुढारी जे बोलत होते ते मी मन लावून ऐकलं. सहा वर्षांच्या मुलावर अनोळखी भाषा लादू नका. मूल आधी आपल्या भाषेत वाचायला-लिहायला शिकू दे. भाषा म्हणजे केवळ विषय नव्हे, विचार करायचं साधन आहे. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आता यातली ‘हिंदी’ काढा, तिथे ‘मराठी’ घाला आणि सरांच्या वर्गात जाऊन तेच भाषण पुन्हा करा.

अवघड जातं ना? मलाही गेलं. मेळघाटातल्या पोराच्या घरात कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी आणि मोबाइलच्या पाटीवर इंग्रजी. त्याच्यासाठी मराठी ही पहिली भाषा तर नाहीच, कधीकधी दुसरीही नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. अभिजात भाषेच्या राज्यात तिच्याहून लहान भाषांना कसं वागवलं जातं, यावरून तिची थोरवी ठरावी, असं मला वाटतं. मुंबईत आपण धाकटे असतो आणि मेळघाटात थोरले. धाकट्याची तक्रार आपल्याला तोंडपाठ आहे. थोरल्याची जबाबदारी कुणी पाठ करून घेतलेली नाही.

कुणी म्हणेल, हे शहरी माणसाचं कौतुक झालं. खुद्द कोरकू पालकांना काय हवंय? रास्त प्रश्न. त्याच गावात एका बापानं मला सांगितलं, ‘‘कोरकू त पोट्टं घरीच शिकते. शाळेत मराठी शिकवा, इंग्लिश शिकवा.’’ यात चूक काहीच नाही. मराठी आली नाही तर तहसिलात कुणी उभं करत नाही, भरतीचा पेपर सुटत नाही. कोरकू शिकवा म्हणणाऱ्यानं आधी हे मान्य करावं, नाहीतर त्याचं बोलणं ऐकायला कुणी थांबणार नाही. पण त्या बापाची मागणी आणि माझी मागणी एकमेकींना छेद देत नाहीत. वाचायला माणूस आयुष्यात एकदाच शिकतो. अक्षर आणि आवाज यांची गाठ एकदा डोक्यात बसली की दुसऱ्या भाषेसाठी ती नव्यानं बांधावी लागत नाही. कोरकू देवनागरीत लिहिली जाते. म्हणजे ‘सीम’मधला ‘स’ ज्याला ओळखता आला, त्याला ‘सरकार’मधलाही ओळखता येतो. पहिली दोन वर्षं अक्षरओळख आणि गणित कोरकूतून, सोबत मराठी ऐकण्या-बोलण्यातून. तिसरीपासून मराठीचं वाचन वाढवत न्यायचं. मराठी पुढे ढकलायची नाही, तिच्याखाली पाया घालायचा. आज पाया नसलेल्या मराठीचं काय होतं, ते पाचवीतल्या मुलाला धडा वाचायला सांगितला की दिसतं. घडाघडा वाचतो आणि अर्थ विचारला की खाली बघतो.

ओडिशानं २००७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केलं, पुढे भाषांची संख्या एकवीसवर नेली आणि त्या त्या भाषेच्या समाजातली माणसं शिक्षक म्हणून घेतली. तिथेही सगळं आलबेल आहे असं नव्हे. पण दिशा ठरलेली आहे. आपल्याकडे द्विभाषिक पुस्तिका निघतात, कार्यशाळा होतात, प्रकाशनाचा फोटो येतो आणि पुस्तिकांचे गठ्ठे गटसाधन केंद्राच्या कोपऱ्यात उभे राहतात.

कायदा आड येतो असंही नाही. घटनेचं कलम ३५० क १९५६ पासून सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ म्हणतं, शक्य तिथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावी. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण निदान पाचवीपर्यंत तेच म्हणतं. आणि तरी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावची गोष्ट पाहा. तिथल्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली: पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल. सरकार करत नाही, तर आम्ही करतो, इतकं सरळ. पुढे शिक्षण खात्याकडून नोटीस आली की शाळेला मान्यता नाही, बंद करा. ज्या शिक्षण हक्क कायद्यात मातृभाषेचं वचन आहे, त्याच कायद्यात विनामान्यता शाळेला एक लाखापर्यंत दंड आणि त्यानंतर दिवसाला दहा हजार अशी तरतूद आहे. मान्यतेचं कलम १८ सापडायला मिनिटही लागत नाही. कलम २९ सापडायला वर्षं लागतात.

आता डिजिटलकडे वळू. १ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानं ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं अ‍ॅप सुरू केलं. आरंभी संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी. काम मनापासून केलेलं आहे आणि होत राहावं. दवाखान्यात परिचारिकेला बाईचं दुखणं समजलं, तर ते एका अ‍ॅपसाठी पुरेसं सार्थक. पण भाषांतर झालं म्हणजे भाषा टिकली, असं मानण्यात मोठी फसगत आहे. आदिवासीशी त्याच्या भाषेत बोलावंच न लागता काम भागवायची सोयही त्यातच आहे. शिक्षकाच्या हाती भाषांतराचं यंत्र दिलं की त्याला वही करायची गरज उरत नाही. शिवाय अशी यंत्रं बहुधा हिंदी किंवा इंग्रजीच्या मजकुरावर उभी राहतात. त्यातून इंग्रजी ‘वी’चं भाषांतर कोरकूत करायचं झालं, तर चारांपैकी कोणतं ‘आपण’ निवडायचं? जो शब्द सर्वांत जास्त वेळा आला तो. मग हळूहळू उरलेले तीन झिजतात.

पडद्यावर असणं म्हणजे जिवंत असणं नव्हे, याचं उदाहरण घरचंच आहे. अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिली जातात. हळदीत ती वाजली नाहीत असं खानदेशात लग्न होत नाही. आणि त्याच हळदीत आई कडेवरच्या पोराला म्हणते, ‘‘असं बोलू नये बाळा, नीट बोल.’’ नीट म्हणजे पुस्तकी मराठी. अहिराणी नाचायला आहे, बोलायला नाही. अमेरिकेतल्या रविवारच्या मराठी शाळांतले पालकही हेच सांगतील. पोराला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

म्हणून मला तंत्रज्ञानाची ती रूपं जवळची वाटतात ज्यांत माणसाचा आवाज पुढे असतो आणि यंत्र मागे. २०१० मध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. साध्या फोनवरून आपल्या भाषेत बातमी, तक्रार, गाणं ध्वनिमुद्रित करायचं आणि दुसऱ्यांचं ऐकायचं. इंटरनेट नको, लिहिता-वाचता यायला नको. गोंडीसाठी वेगवेगळ्या राज्यांतली माणसं एकत्र बसून सुमारे तीन हजार शब्दांचा मानक कोश २०१८ मध्ये तयार झाला, तोही याच धडपडीतून. आज गावात टॉवर आला आहे, निदान टेकडीवर चढलं की रेंज मिळते. पोरं काय करतात? टाइप करत नाहीत, व्हॉइस मेसेज टाकतात. शुद्धलेखन नाही, लिपीचा वाद नाही, ‘कोण’ विचारणारा कीबोर्ड नाही. कोरकूला यंत्रातली पहिली जागा तिच्या बोलणाऱ्या लोकांनीच मिळवून दिली, बटण दाबून धरून.

लिपीचा वाद म्हटला म्हणून सांगतो. संथाळीसाठी पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओल चिकी लिपी घडवली. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक आणि फोनवर अक्षरं दिसण्यासाठीच्या जागतिक संहितेत, ती आली २००८ मध्ये. मधल्या काळात शाळा, मासिकं, नाटकं, आंदोलनं, आणि २००३ मध्ये आठव्या अनुसूचीत प्रवेश. २०१८ मध्ये संथाळी विकिपीडिया उभा राहिला तो या इतक्या लोकांच्या खांद्यावर. गोंडीला तर मसराम आणि गुंजाळा अशा दोन लिप्या युनिकोडमध्ये मिळाल्या, २०१७ आणि २०१८ मध्ये. पण अक्षरं फोनमध्ये आली आणि गोंडीतून शिकवणारी शाळा नोटिशीच्या छायेत गेली.

हा क्रम न्यूझीलंडच्या माओरींनी नीट ओळखला. १९८२ मध्ये त्यांनी ‘कोहांगा रेओ’ सुरू केले. शब्दशः अर्थ भाषेचं घरटं. कल्पना अगदी घरगुती: ज्या आजी-आजोबांना भाषा येते त्यांनी शाळेआधीच्या वयाच्या नातवंडांना दिवसभर सांभाळायचं, आणि त्या घरट्यात दुसरी भाषा बोलायची नाही. तीन-चार वर्षांत अशी शेकडो घरटी झाली. मग घरट्यातली मुलं मोठी झाली म्हणून माओरी माध्यमाच्या शाळा, १९८७ मध्ये राजभाषेचा कायदा, २००४ मध्ये दूरचित्रवाहिनी. आणि आवाज ओळखणारं यंत्र आलं ते छत्तीस वर्षांनी, २०१८ मध्ये. उत्तरेकडच्या ‘ते हिकू मीडिया’ या छोट्या नभोवाणी केंद्रानं लोकांना आवाहन केलं आणि दहा दिवसांत तीनशे तासांच्या घरात बोलणं जमा झालं. लोक आले, कारण मागणारं केंद्र त्यांचंच होतं. पुढे एका बाहेरच्या कंपनीनं पैसे देऊन माओरी आवाज मागितले, तेव्हा त्यांनी नकार दिला. जमीन गेली, आता आवाजही विकायचा का, असा त्यांचा सवाल. आपल्याकडे गावोगाव जाऊन आजीबाईंची गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्यांना हा सवाल विचारायला हवा. ती फाइल कुठे जाते? तिच्यावर हक्क कुणाचा? नातीला ती ऐकायची असेल तर कुणाकडे मागायची?

मेळघाटात घरटं बांधायला आज्या आहेत. अंगणवाडी आहे. आजीला रोज तासभर बोलवायचं, मानधन द्यायचं, एवढ्याला अ‍ॅप लागत नाही. गोष्टींची पुस्तकं हवीत तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’सारख्या संकेतस्थळावर गोंडी, कोरकूसारख्या भाषांतली मोफत मिळतात, शाळेच्या प्रिंटरवर छापता येतात, प्रिंटरमध्ये शाई असली तर. अडचण शिक्षकाची आहे. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी स्वशासनाचा कायदा लागू असलेल्या भागात, काही पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतूनच भरायची असा नियम झाला, चांगलं झालं. पण उमेदवार आदिवासी असणं आणि त्याला वर्गातल्या पोरांची भाषा येणं या दोन गोष्टी वेगळ्या. मेळघाटातल्या एकाच वर्गात कोरकू, गोंड, निहाल, गवळी अशी मुलं असू शकतात. एकाला सगळं येणार नाही, मान्य. निदान त्यातली एक तरी यावी.

आणि इथे मला डिजिटल तंत्रज्ञानाकडून जे हवं आहे ते अगदी नीरस आहे. दोन रकाने. शाळेत प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन भरतात, त्यात मातृभाषाही विचारतात. सरांनी पहिल्या वर्षी बावीसच्या बावीस मुलांपुढे ‘मराठी’ भरलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं; रात्री साडेअकराला रेंज आली होती आणि शेवटची तारीख होती. अशा घाईत भाषा पुसल्या जातात. तो रकाना पालकाला विचारून, खरा भरला जावा. दुसरा रकाना शिक्षकांच्या बदलीच्या फॉर्मात. बदल्या आता ऑनलाइन होतात. सेवा किती वर्षं, अवघड क्षेत्र की सर्वसाधारण, कोणता संवर्ग, जोडीदार कुठे, सगळं विचारतात. गेल्या खेपेला सरांनी सगळं भरलं. आपल्याला कोरकू येते हे लिहायला त्यांना जागा मिळाली नाही. हे दोन रकाने एकमेकांशी जुळवायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही, साधा तक्ता पुरतो. भाषा येणाऱ्याला भत्ता द्या, परीक्षा घ्या, दोन वर्षं जास्त राहिला तर पुढच्या बदलीत झुकतं माप द्या. माणसं शिकतील. त्या दोनशे पानी वहीसाठी सरांना कुणी दमडी दिली नव्हती.

सरांची बदली झाली. त्यांनी मागितली होती आणि मी त्यांना दोष देत नाही. घरी आई अंथरुणावर होती. परवा फोनवर बोलणं झालं. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी पहिलीच्या वर्गात त्यांनी कोंबडी काढली आणि सवयीनं म्हणाले, ‘सीम’. सगळा वर्ग हसला. वहीचं विचारलं. मूळ वही त्यांनी सोबत नेली आहे, पण निघायच्या आधी धारणीला जाऊन झेरॉक्स काढली आणि शाळेच्या लोखंडी कपाटात ठेवली. नव्या गुरुजींना तसं दोनदा कळवलंय. कपाटाची किल्ली अजून सापडलेली नाही.